हाक कोणी मारायची

आमच्या घरात सगळ्यांनी मिळून कुठे जायची रीत नव्हती. बा लग्नाला गेला तर माय मेंढरांमागे, माय मयतीला गेली तर बा मेंढरांमागे. मेंढराला सुट्टी कळत नाही. त्याला रोज चारा लागतो, रोज पाणी लागतं आणि रोज दिवस मावळायला ओळखीचा आवाज लागतो. चारच माणसांचं आमचं घर, पण चौघं एका जागी उभे राहून एकाच गोष्टीकडे बघतायत असं माझ्या लहानपणी एकदाही झालं नाही. एकदा होणार होतं. ते का झालं नाही, ते लिहिते.

वडवणीच्या पलीकडे माळावर आमची आठ-दहा घरं होती, सगळी धनगरांची. दिवाळी झाली की घोडीवर बिऱ्हाड लादून आम्ही मेंढरं घेऊन बाहेर पडायचो आणि मिरगाच्या तोंडाला परत यायचो. बिऱ्हाड म्हणजे दोन पातेली, एक तवा, पिठाचं गाठोडं, येसराचं गाडगं, घोंगड्या आणि वाघर. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. जो शेतकरी बोलावील त्याच्या रानात ती रोवायची आणि मेंढरं आत बसवायची. त्याच्या रानाला खत मिळायचं, आम्हाला जवारी मिळायची. सकाळी जाग यायची ती मेंढरांच्या खोकण्याने. मग दगडावर मिरची वाटल्याचा आवाज, मग माय तव्यावर भाकरी टाकायची तो आवाज, आणि बाचं पुटपुटणं. तो मेंढरं मोजायचा नाही, तोंडं ओळखायचा. येसर, म्हणजे भाजून दळलेलं मसाल्याचं पीठ, पाण्यात कालवून उकळलं की आमटी झाली. भाकरी तिच्यात चुरायची आणि वर कांदा फोडायचा. चहा मेंढीच्या दुधाचा, घट्ट आणि उग्र. तसला चहा आता मिळत नाही, आणि मिळाला तरी सून मला पिऊ देणार नाही. मी चौथीपर्यंत चुलतीकडे राहून शाळा शिकले. चौथी झाल्यावर दप्तर गेलं आणि हातात काठी आली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान माझी बहीण कौशी. ती तर दुसरीतूनच उठली होती. तिला शाळेचं काही वाटलं नाही, निदान ती बोलली तरी नाही. कौशी मुळात कमी बोलायची.

आमच्यात प्रत्येक घराची हाक वेगळी असते. दहा कळप एका पाणवठ्यावर आले, एकमेकांत मिसळले, तरी घरच्या हाकेला घरचीच मेंढरं बाहेर निघतात. आमच्या घरची हाक बाला त्याच्या बापाकडून आली होती. ती गळ्यात सुरू व्हायची, टाळूला लागायची आणि शेवटी जिभेवर थरथरून तुटायची. ते तुटणं महत्त्वाचं. ते नीट आलं नाही तर मेंढरू मान वर करत नाही. मला ती हाक एका उन्हाळ्यात आली. इतकी आली की बाच्या आधी मेंढरं माझ्याकडे वळायला लागली. बा लोकांना सांगायचा, "गोदीच्या गळ्यात माझा बाप बसलाय." मला त्याचा मोठा अभिमान वाटायचा. एखादी गोष्ट चांगली येणं म्हणजे तिला जन्माचं जुंपलं जाणं, हे तेव्हा कळायचं वय नव्हतं.

त्या वर्षी आम्ही तेलगावच्या बाजूला होतो. परळीचा एक लोकरीचा व्यापारी कातरलेली लोकर न्यायला आला. चहा पिता पिता त्याने सांगितलं की परळीत थर्मलच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या कामावर लई माणूस आलंय, म्हणून स्टेशनाजवळ पाळण्यांचं मैदान लागलंय. विजेवर फिरणारा पाळणा, झाडापेक्षा उंच. लाकडी घोडे, गोल फिरणारे. आरशाचं एक घर, त्यात माणूस बुटकं दिसतं. तो बोलत होता आणि बा मान हलवत होता, जसा तो कुठल्याही बातमीला हलवायचा. व्यापारी गेला. माय पीठ मळत होती. तिने हात थांबवले आणि म्हणाली, "आपुन जायाचं."

"कुटं?" बा म्हणाला.

"पाळन्याला."

"आन मेंढरं?"

"त्यायला बी घ्या."

बा हसला. पण माय हसली नाही, तेव्हा तो गप झाला. मायने तोपर्यंत काही मागितल्याचं मला आठवत नाही. बांगड्याही ती फुटल्यावरच भरायची. बाला तिला नाही म्हणायची सवयच नव्हती, कारण तशी वेळच आली नव्हती. मग त्याने काठीने मातीत रेघा ओढल्या. इथून हे गाव, तिथून ते गाव, इथे दोन दिवस बसवायची, तिथे तीन दिवस. सहलीला दीडशे मेंढरं घेऊन निघालेलं जगातलं आमचंच घर असेल. मेंढराच्या चालीने गेलं की पंधरा दिवसांत परळीच्या अलीकडे दोन कोसांवर पोचू, तिथे ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात एक दिवस बसवू, आणि त्या दिवशी मैदान बघून येऊ. दुसऱ्या दिवशी तळ हलवायचा, कारण पुढच्या माणसाला शब्द दिलेला. म्हणजे आमच्या हातात एकच दिवस होता.

त्या पंधरा दिवसांत माझं काय चाललं होतं ते मला अजून सांगता येत नाही. जायचं होतं. आणि जायचं नव्हतं. आमच्या बरोबरीने बाचा चुलतभाऊ, तात्या, त्याचं बिऱ्हाड घेऊन चालत होता. तो मला रोज घाबरवायचा. "वर गेलं म्हंजी खाली येतंयच आसं न्हाई बरं का गोदे. वीज गेली की ऱ्हायलं मानूस टांगून. घारी टोचत्यात मंग." मी म्हणायचे, "तुमी बसलाव का कवा?" तो म्हणायचा, "मी कावून बसू? मला यड लागलंय व्हय?" त्याची बायको त्याला दगड फेकून मारायची. मी हसायचे आणि मग मेंढरांमागे चालताना उंच बाभळीकडे बघायचे, तिच्या शेंड्यावर आपण बसलोय असं मनात आणायचे, आणि माझ्या पायाचे तळवे घामेजायचे. तरी मायने घोडीवरच्या गाठोड्यातून हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं, त्याचा कुबट वास गेला, तसतसं मला जायचंच झालं.

हे सगळं मला आत्ता आठवायचं कारण माझी नात ऋतुजा. महिनाभर घरात एकच विषय आहे. पुण्याच्याही पुढे घाट उतरून एक मोठं पार्क आहे, तिथे सगळ्यांनी जायचं. मुलगा मारुती, सून वर्षा, ऋतुजा आणि मी. तिने मला मोबाइलवर दाखवलं. माणसं खुर्चीला बांधलेली, उलटी लटकलेली आणि गळा काढून ओरडतायत. मी म्हणाले, "ह्यायला कुनी पकडून नेलंय का?" ती म्हणाली, "आजी, मजा असते ती. पैसे देऊन बसतात." मी म्हणाले, बोंबलायला पैसे कशाला, इथे माळावर फुकट बोंबला. सगळे हसले. पण मी विनोद करत नव्हते. तिथे घरची भाकरी आत नेऊ देत नाहीत म्हणे, धपाटेसुद्धा नाही. पाण्याच्या भागात लुगडं चालत नाही, नायलॉनचे कपडे घालावे लागतात, म्हातारीनेही. लघवीला कुठे जायचं ते वर्षा मला तीनदा समजावते आणि तीनदा मला ते कळत नाही. या वयात मला कोणी बांधून उलटं करावं अशी माझी हौस नाही. पण ऋतुजा म्हणते, "आजी, तू नसली तर फोटोत सगळे कसे दिसणार?" तिला काय माहीत, मी 'सगळे' या शब्दाला किती घाबरते.

परळीला पोचायच्या आठ दिवस आधी बाने संध्याकाळी सांगितलं, "एकाला मागं ऱ्हावं लागंल." तात्या तळावर असणार होता, पण त्याची हाक त्याच्या मेंढरांची. आमची मेंढरं चरायला पांगली की त्याने कितीही ओरडावं, ती ढुंकून बघायची नाहीत. बाला रस्ता माहीत, त्याला जावंच लागणार. माय तर जाणारच. राहिल्या दोन पोरी. बाने माझ्याकडे बघितलं. त्याच्या बघण्यात वाईट काही नव्हतं, हिशेब सरळ होता. "गोदे, मेंढरं तुजं ऐकत्यात." कौशीने खाली मान घालून भाकरीचा तुकडा तोडला, आणि मला दिसलं की ती हसू दाबतेय. तिला पाळण्याची भीती वाटत नव्हती. ती झाडावर चढायची, विहिरीत उडी मारायची. तिच्यासारख्या पोरीसाठीच ते पाळणे केलेले असतात.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणाले, "चल, तुला हाक शिकविते. खेळ हाय." ती शहाणी होती, पण मी मोठी होते, म्हणून ती आली. सात दिवस मी तिला शिकवलं. चालताना, पाण्यावर, काटक्या वेचताना. गळ्यात कशी धरायची, टाळूला कुठे लावायची, शेवटी जीभ कशी सैल सोडायची. ती करायची आणि दरवेळी शेवट फसायचा. कोंबडी दाबल्यासारखा आवाज निघायचा. मेंढरं मान वर करायची नाहीत. मी तिच्यावर चिडायचे, एकदा तर चिमटा काढला. ती म्हणायची, "न्हाई येत, आक्का. माजा गळाच तसला हाय." बा लांबून ऐकायचा आणि म्हणायचा, "ऱ्हाऊ दे गं. तिला न्हाई जमायचं." मी कशासाठी शिकवतेय ते बाच्या ध्यानात आलं नाही. आमच्या दोघींच्या ध्यानात होतं.

मैदानाला जायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही त्या शेतकऱ्याच्या शिवारात पोचलो. बा आणि शेतकरी लांब बांधावर उभे राहून वाघर कुठे रोवायची ते ठरवत होते. माय विहिरीवर गेली होती. मी कळपाच्या उजवीकडच्या बांधावर होते, कौशी डावीकडच्या. मधे मेंढरं, आणि मेंढरांच्या पुढे जवारी कापलेलं एक रान. त्याला कुठून तरी पाणी मिळालं होतं आणि खोडक्यांना कोवळे फुटवे फुटले होते, वीतभर, हिरवेगार. आमच्या धंद्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं की ते हिरवं विष आहे. कोवळ्या जवारीची किराळ लागली की मेंढरू थरथरतं, तोंडाला फेस येतो, आणि घटकाभरात पाय झाडून मरतं. आमची पुढची मेंढी भुंडी नावाची होती. तिने नाक वर केलं, तिला तो ओला वास लागला, आणि ती तिकडे वळली. तिच्यामागे सगळी वळली.

हाक माझ्या तोंडात आलेली होती. हे मी पुन्हा सांगते, कारण नंतर मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलं की मला उशिरा दिसलं. मला उशिरा दिसलं नाही. भुंडी वळली तेव्हाच दिसलं. मी तोंड मिटलं आणि कौशीकडे बघितलं. कौशी माझ्याकडे बघत होती. मधून मेंढरं चालली होती. त्या वेळी कळप वळवायला धावून उपयोग नव्हता, आम्ही दोघी बाजूला होतो, पुढे जाऊन अडवेपर्यंत निम्मी मेंढरं रानात शिरली असती. हाकच मारायला लागणार होती. आणि जी हाक मारील ती राहील. ती दहा वर्षांची होती, मी बारा. मी देवाचं नाव घेत नव्हते, मनात काही ठरवतही नव्हते. तोंड मिटून उभी होते, एवढंच. भुंडीचं तोंड खाली गेलं. मी तरी उभी होते.

मग कौशीची हाक आली. गळ्यात सुरू झाली, टाळूला लागली आणि जिभेवर थरथरून तुटली. माझ्यापेक्षा चांगली तुटली. दीडशे मेंढरं जागच्या जागी थांबली, वळली आणि तिच्याकडे निघाली. भुंडीने दोन घास घेतलेच होते. तिला गुळाचं पाणी पाजलं, ती वाचली. पण मला त्या हाकेवरून कळलं ते वेगळंच. ती हाक एका क्षणात येणारी नव्हती. कौशीला ती पहिल्या-दुसऱ्या दिवशीच आली होती. सहा दिवस तिने माझे शिव्या-चिमटे खाल्ले आणि न येण्याचं सोंग केलं, कारण तिला पाळण्यात बसायचं होतं.

बा पळत आला. आधी मला म्हणाला, "तू कुटं व्हतीस गं?" मी म्हणाले, "पायात काटा गेलता." कौशी समोर उभी होती. तिने माझ्या पायाकडे बघितलं आणि नजर वळवली. मग बाने तिला उचललं, दहा वर्षांच्या घोडीला, आणि हसत सुटला. "आगं, हिला येती की! माज्या बापावानी येती! गोदे, तू बी चल मंग. कौशी बघील मेंढरं." त्याला वाटलं तो तिचं कौतुक करतोय. तो खरंच करत होता. कौशी त्याच्या खांद्यावरून म्हणाली, "व्हय." मी तेव्हाही तोंड उघडू शकले असते. अजून दुपार होती, पुढे सगळी रात्र होती, मैदान उद्या होतं. नाही उघडलं.

मैदानाचं मी काय सांगू. मायने हिरवं लुगडं नेसलं, बाने पटका बांधला, दोन कोस चालून गेलो. भोंग्यावर गाणी चालली होती, इंजिनाचा धूर होता, तळणाचा वास होता. भजी खाल्ली. गोडीशेव घेतली. आरशाच्या घरात बा बुटका दिसला तेव्हा तो ओशाळून लगेच बाहेर आला. मग पाळणा. तो खरंच झाडापेक्षा उंच होता. एका पाळण्यात दोघं. बा आणि माय पुढच्यात बसले, मला मागच्यात एका अनोळखी बाईशेजारी बसवलं. लोखंडी दांडी लावली. तो हलला आणि मी डोळे मिटले. गच्च. वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. त्या बाईने मला कोपराने ढोसलं, म्हणाली, "उगड की डोळे, पोरी." मी उघडले नाहीत. कुठून तरी माय हसत होती. मोठ्याने, खदखदून, थांबतच नव्हती. तसं हसताना मी तिला आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. आणि बघितलं तर नाहीच. बहिणीची जागा घेऊन मी पाळण्यात बसले आणि झाकल्या डोळ्यांनी उतरले.

दिवस मावळता आम्ही तळावर परतलो. मेंढरं वाघरीत होती, सगळी. कौशीने आमटी करून ठेवली होती. मी तिच्या हातावर गोडीशेवची पुडी ठेवली. तिने ती उघडली नाही. म्हणाली, "वरून काय दिसलं?"

"सगळं," मी म्हणाले. "आगगाडी. वैजनाथाचं देऊळ. माय लई हसली. आन तू."

"मी?"

"मेंढरात. घोंगडी पांघरून बसलेली."

"मी घोंगडी न्हवती पांघरली. काठीला बांधून हालवीत व्हते. तुमाला दिसावी म्हनून."

"तेच," मी म्हणाले. "हालताना दिसली."

ती किती वेळ हलवत होती ते मी विचारलं नाही. तात्याची बायको दुसऱ्या दिवशी म्हणाली, दुपारपासून पोरीने हात खाली घेतला नाही.

पुढचं थोडक्यात लिहिते. त्या दिवसापासून मेंढरं कौशीची झाली. हाक येते म्हटल्यावर तिला कुठे पाठवायचा प्रश्नच उरला नाही. लग्नाला जायचं, जत्रेला जायचं, कौशी आहे ना. मी मोकळी झाले, घरी राहायला लागले, वेळेवर लग्न झालं, आणि पक्क्या भिंतीच्या घरात पडले. तिला नांदूरघाटला दिली, तिथल्या घरात तीनशे मेंढरं होती आणि त्यांना हाकेची पोरगीच हवी होती. तिचा नवरा वाईट नव्हता. पण ती सगळी उमर मेंढरांमागे चालली आणि आता तिचे दोन्ही गुडघे गेलेत. मला याचं रडू येत नाही. रडून कोणाचा गुडघा सरळ होत नाही.

आणि आता हे पार्क. आमच्याकडे मेंढरं राहिली नाहीत, सहा शेळ्या आहेत. जायचं ठरायला लागलं तेव्हा मी म्हणाले, "शेरडांचं काय?" खरं म्हणजे मला सुटायला वाट हवी होती. मी राहते, तुम्ही जा, असं म्हणायला मी तयारच होते. मारुती हसला. "आई, तू काही काळजी करू नको. कौसा मावशीला फोन केलाय. ती येतीय चार दिवस. ती बघील शेरडं." त्याला त्यात काहीच वाटलं नाही. त्याला का वाटावं? त्याला जन्मापासून हेच माहीत आहे की कौसा मावशी जनावरांचं चांगलं करते. मी नको म्हणेपर्यंत तिकडून तिचा होकारही येऊन गेला होता.

काल दुपारी कौशी आली. हातात पिशवी, एका हातात काठी, आता मेंढरांची नाही, चालायची. चहा घ्यायच्या आधी ती शेळ्यांकडे गेली. अंगणात त्यांच्यात फतकल मारून बसली आणि एकीच्या कानातलं गोखरू काढायला लागली. मी मारुतीसमोर म्हणाले, "माज्या जागी हिला न्या. मी ऱ्हाते." मी हे फार विचार करून म्हणाले होते. रात्रंदिवस घोकून म्हणाले होते. कौशीने मान वर केली नाही. "मला न्हाई जमायचं. आठ घंटे गाडीत कोन बसंल? माजे गुडगे आखडत्यात." मी म्हणाले, मधे मधे थांबू. ती म्हणाली, "थांबून काय करू? आन तिथं ती चड्डी घालून पान्यात जायाचं म्हनं. मी न्हाई. तूच जा." मारुती म्हणाला, "हे बघ आई, मावशी स्वतःच नको म्हणतीय." झालं. एवढ्या वर्षांनी मी तोंड उघडलं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

ऋतुजा मोबाइल घेऊन मावशीआजीजवळ जाऊन बसली. तिला तो उंच पाळणा दाखवला, मेण्यासारख्या काचेच्या खोल्या असलेला. कौशीने डोळे बारीक करून बघितलं. म्हणाली, "ह्याच्यावरून आपली वस्ती दिसती का गं?"

ऋतुजा हसली. "आजी, किती लांब आहे ते! तिथून कसं दिसेल?"

"दिसतंय," कौशी म्हणाली. "परळीच्या पाळन्यावरून दोन कोस दिसलं व्हतं. मी घोंगडी हालवीत व्हते ती हिला दिसली. व्हय ना आक्का?"

तिने माझ्याकडे बघितलं. अगदी तसंच, जसं त्या बांधावरून बघितलं होतं. तिने इतकी वर्षं ते सांभाळून ठेवलं होतं, की त्या दिवशी ती मैदानातून निदान दिसली. मी होय म्हणाले असते तर ते तिच्याजवळ राहिलं असतं. चांगलं काय आणि वाईट काय, मला अजून ठरवता येत नाही.

"न्हाई दिसली," मी म्हणाले. "मी डोळे मिटले व्हते."

"कवा?"

"पाळन्यात. सगळा वेळ."

"आन माय हसली म्हनून सांगितलंस?"

"ऐकलं. बघितलं न्हाई."

ऋतुजा एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. कौशीने शेळीचा कान सोडला नाही. त्यातलं शेवटचं गोखरू काढलं, बोटात चुरून बाजूला टाकलं, मग दुसरा कान धरला.

"मंग आता जा," ती म्हणाली, "आन डोळे उगडून बस. शेरडं मी बघते."

रविवारी पहाटे गाडी निघणार आहे. ऋतुजाने माझ्यासाठी काळे, घोट्यापर्यंतचे कपडे आणलेत, ते कपाटात घडी करून ठेवलेत. मला त्या पाळण्याची भीती वाटते, बारा वर्षांची असताना वाटत होती तेवढीच. बाहेर कौशी शेळ्यांना पाणी दाखवतेय. ती त्यांना हाक मारते तशी आमच्या घरात आता कोणालाच येत नाही. मलाही नाही.